शेजारच्या चर्चच्या विस्ताराची नोटीस आली, तर

अमेरिकेतल्या उपनगरात घर घेऊन वर्ष-दोन वर्षं होतात आणि एक दिवस पोस्टाने पाकीट येतं. कोपऱ्यावरचं चर्च प्रार्थनागृह मोठं करणार आहे, मागे नवा हॉल बांधणार आहे, पार्किंग वाढवणार आहे, अमुक तारखेला सुनावणी आहे. रविवारी सकाळी रस्त्याच्या दोन्ही कडांना आधीच गाड्या लागतात. त्यात हे.

नव्याने राहायला आलेल्यांकडून इथे दोन चुका होतात. पहिली, पाकीट जाहिरातीचं समजून रद्दीत जातं. दुसरी, गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'हे होऊ द्यायचं नाही' असं लिहून लढाई सुरू होते. दुसरी चूक जास्त महाग पडते. अमेरिकेत चर्चचा विस्तार पूर्ण रोखणं फार क्वचित जमतं. तो कसा व्हावा यावर लेखी अटी घालून घेणं मात्र बऱ्याचदा जमतं. पुढचं सगळं अटी घालून घेण्याच्या या कामासाठी आहे. नियम राज्यागणिक आणि टाउनशिपगणिक (म्हणजे तिथल्या स्थानिक नगरपालिकेगणिक) बदलतात. इथे मुख्य उदाहरण न्यू जर्सीचं घेतलंय, कारण मराठी वस्ती तिथे दाट आहे आणि तिथली पद्धत बरीच काटेकोर आहे. गरज पडेल तिथे कॅलिफोर्निया.

पाकीट वाचताना

न्यू जर्सीत अर्जदाराने आपल्या हद्दीपासून २०० फुटांच्या आतल्या मालकांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ती हाती तरी दिली जाते, नाही तर सर्टिफाइड मेलने येते. घरी कोणी नसलं की पोस्टमन दारावर चिठ्ठी लावून जातो. ती चिठ्ठी घेऊन पोस्टात जा. कॅलिफोर्नियात राज्याचा नियम ३०० फुटांचा, मुदत तीच १० दिवसांची. म्हणजे २५० फुटांवरच्या घराला एका राज्यात पाकीट येतं, दुसऱ्यात येत नाही. पाकीट आलं नाही म्हणून बोलायचा हक्क जात नाही. सुनावणीत बोलायला नागरिकत्व लागत नाही, ग्रीन कार्डही लागत नाही. नाव आणि पत्ता सांगावा लागतो. भाडेकरूही बोलू शकतात.

नोटिशीत चार गोष्टींखाली रेघ मारा. अर्जाचा क्रमांक. जागेचा ब्लॉक आणि लॉट, म्हणजे नकाशावरचे जमिनीचे क्रमांक. अर्ज टाउनशिपच्या कोणत्या बोर्डापुढे (परवानगी देणाऱ्या मंडळापुढे) आहे, प्लॅनिंग बोर्ड की झोनिंग बोर्ड. आणि चर्च नेमकं काय मागतंय. चर्च त्या झोनमध्ये (जमिनीच्या वापरासाठी आखलेल्या विभागात) चालतंच आणि फक्त आराखड्याला मंजुरी हवी असेल, तर तो साइट प्लॅनचा अर्ज. काही अटी पाळल्या तरच चर्चला परवानगी असेल, तर कंडिशनल यूज, काही राज्यांत यालाच स्पेशल यूज म्हणतात. नियमातून सूट हवी असेल, तर व्हेरिअन्स. सगळ्यांत उपयोगी माहिती व्हेरिअन्सच्या यादीत असते: 'पार्किंगच्या जागा २१० हव्यात, देणार १६७', 'मागच्या हद्दीपासून ५० फूट हवेत, सोडणार ३०'. चर्च नियमापेक्षा किती कमी देतंय हे त्यांच्याच वकिलाने लिहून दिलेलं असतं.

न्यू जर्सीत जमिनीच्या वापराबाबतचा व्हेरिअन्स असेल तर झोनिंग बोर्डाच्या ७ जणांपैकी ५ मतं लागतात. हे ऐकून हुरळून जाऊ नका. तिथली न्यायालयं प्रार्थनास्थळांना समाजाला मुळातच उपयुक्त वापर मानतात, त्यामुळे 'आम्हाला चर्चची गरज काय' हा मुद्दा बोर्डापुढे टिकत नाही.

आधी एक कायदा समजून घ्या

टेक्सासमधल्या बर्नी गावात सेंट पीटर कॅथलिक चर्चला जागा पुरेना, म्हणून वाढवायचं होतं. ऐतिहासिक वास्तूंच्या नियमावर बोट ठेवून गावाने परवानगी नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९७ साली, धर्मस्वातंत्र्याचा जो केंद्रीय कायदा चर्च पुढे करत होतं तो राज्यांना लागू करता येत नाही, असा निकाल लागला. त्यानंतर काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) २००० साली नवा, नेमका कायदा केला: रिलिजस लँड यूज अँड इन्स्टिट्यूशनलाइज्ड पर्सन्स अ‍ॅक्ट. वकील त्याला 'आर-लूपा' म्हणतात. सुनावणीत हा शब्द निघाला की बोर्डाचा वकील ताठ बसतो.

कायद्याचा गाभा शेजाऱ्यांच्या दृष्टीने तीन वाक्यांत मावतो. धर्माचरणावर मोठं ओझं टाकणारा निर्णय घ्यायचा तर सरकारकडे अतिशय सबळ कारण हवं आणि त्याहून सौम्य उपाय उरलेला नसावा. क्लब, सभागृह अशा बिगरधार्मिक संस्थांना जे नियम, त्यापेक्षा वाईट नियम चर्चला लावता येत नाहीत. एका धर्माला एक आणि दुसऱ्याला दुसरा असा भेद करता येत नाही.

पार्किंगच्या बाबतीत या कायद्याचा फटका कसा बसतो ते न्यू जर्सीच्या बर्नार्ड्स टाउनशिपमध्ये दिसलं. बास्किंग रिजमधल्या इस्लामिक सोसायटीला मशीद बांधायची होती. चर्चना लागू असलेल्या ३ माणसांमागे १ जागा या हिशेबाने ५० जागा पुरत होत्या. बोर्डाने १०७ मागितल्या. ३९ सुनावण्यांनंतर अर्ज फेटाळला गेला. मग न्यायालयाने २०१६च्या शेवटच्या दिवशी पार्किंगच्या मुद्द्यावर टाउनशिपच्या विरोधात निकाल दिला आणि २०१७ साली ३२ लाख ५० हजार डॉलरची तडजोड झाली. मशीद वेगळी, चर्च वेगळं असं म्हणून हे बाजूला सारू नका. एकाला लावलेली फूटपट्टी दुसऱ्यालाही लावावी लागते, हाच तर निकालाचा अर्थ.

न्यूयॉर्क राज्यात मामारोनेकच्या ज्यू शाळेच्या विस्ताराच्या खटल्यात २००७ साली अपील कोर्टाने शाळेची बाजू घेतली. ट्रॅफिक आणि पार्किंगची जी कारणं बोर्डाने दिली होती त्यांना कागदावर पुरावाच नव्हता. कोलोरॅडोत नायवॉटचं रॉकी माउंटन ख्रिश्चन चर्च विस्ताराच्या वादात २०१० साली बोल्डर काउंटीविरुद्ध अपिलात जिंकलं. उलट इलिनॉयमधल्या लाँग ग्रोव्ह गावाने इमारतीच्या आकाराची मर्यादा घातली होती, ती २००६ साली टिकली. म्हणजे प्रार्थनास्थळांवर नियम चालतच नाहीत असं नाही. नियम सगळ्यांना सारखा हवा आणि आकड्यांवर उभा हवा.

यातून व्यवहारात एक पथ्य निघतं. चर्चचा पंथ, तिथे येणारे लोक, त्यांची भाषा, रंग, कपडे याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. ईमेलमध्ये नाही, ग्रुपवर नाही, गमतीतही नाही. खटला झाला तर असे मजकूर न्यायालयात जातात आणि तुमचा ट्रॅफिकचा खरा मुद्दाही द्वेषाचा बहाणा ठरतो. शिवाय तुमच्या गावात उद्या मंदिराचा अर्ज याच टेबलावर येईल तेव्हा याच कायद्याचं छत्र मंदिरावर असेल.

फाइल मागवा

न्यू जर्सीत अर्जाचे नकाशे आणि अहवाल सुनावणीच्या किमान १० दिवस आधी पाहण्यासाठी खुले ठेवावे लागतात. टाउनशिपच्या संकेतस्थळावर नसतील तर बोर्डाच्या सेक्रेटरीला फोन करा, अर्ज क्रमांक सांगा. प्रती हव्या असतील तर सार्वजनिक कागदपत्रांचा अर्ज भरा. त्याला उत्तर द्यायची मुदत ७ कामाचे दिवस आहे, म्हणून पाकीट येईल त्याच दिवशी भरा. मागायचं ते असं: साइट प्लॅनचा पूर्ण संच, ट्रॅफिक स्टडी, पार्किंगचा हिशेब, पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा अहवाल, दिव्यांचा फोटोमेट्रिक प्लॅन (प्रकाश कुठे किती पडेल याचा नकाशा), इमारत कधी-कशी वापरणार याचं निवेदन, टाउनशिपच्या इंजिनिअरचं आणि प्लॅनरचं परीक्षणपत्र. आणि चर्चला पूर्वी मिळालेल्या मंजुऱ्यांचे ठराव. हे शेवटचं कोणी मागत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या ठरावात 'हॉल आणि प्रार्थनागृह एकाच वेळी वापरणार नाही' अशी अट पडून असते आणि ती सगळे विसरलेले असतात, चर्चसुद्धा.

परीक्षणपत्र आधी वाचा. ते तटस्थ माणसाने लिहिलेलं असतं आणि तुमच्या निम्म्या शंका त्यात आधीच मांडलेल्या असतात.

पार्किंगचा हिशेब कुठे चुकतो

बऱ्याच गावांत नियम ३ किंवा ४ आसनांमागे १ जागा असा असतो. प्रश्न आसनं कशी मोजली याचा. सलग बाकड्यावर इमारतीच्या नियमाप्रमाणे माणशी १८ इंच धरतात. २० फुटी बाकड्यावर कागदोपत्री १३ माणसं बसतात. प्रत्यक्षात कोट, पर्स, मुलं धरून ९-१०. म्हणजे बाकड्यांच्या बाबतीत कागद वास्तवापेक्षा जास्तच माणसं दाखवतो. तिथे आरडाओरडा करून उपयोग नाही.

खरी गळती हॉलमध्ये असते. तिथे बाकडी नसतात, म्हणून आसनं 'शून्य' धरली जातात. टेबल-खुर्च्या मांडल्या तर १५ चौरस फुटांना १ माणूस आणि नुसत्या खुर्च्या मांडल्या तर ७ चौरस फुटांना १, हे इमारतीच्या नियमातले आकडे. ३,००० चौरस फुटांच्या हॉलमध्ये त्या हिशेबाने २०० ते ४२८ माणसं मावतात. पार्किंगच्या तक्त्यात ती कुठे आहेत हे विचारा. उत्तर बहुधा असं येतं: 'हॉलमधले तेच लोक, जे आधी प्रार्थनेला असतात.' हे खरंही असू शकतं. मग तेच ठरावात लिहून द्या, एवढंच म्हणायचं.

जागाही मोजून पाहा. साधारण एक जागा ९ बाय १८ फूट आणि मधली दुतर्फा वाट २४ फूट. वाटा धरून गाडीमागे ३०० ते ३५० चौरस फूट लागतात. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, त्यात सव्वाशे-दीडशेच्या वर गाड्या काढून दाखवल्या असतील तर झाडं, वळणं किंवा अग्निशमन गाडीची २० फुटी मोकळी वाट यांपैकी काहीतरी खाल्लेलं असतं. हिमाच्या प्रदेशात आणखी एक: लोटलेला बर्फ कुठे टाकणार? नकाशावर जागा दाखवली नसेल तर तो पार्किंगच्याच जागांवर जाणार.

आता स्वतः मोजा

शेजाऱ्यांकडे वकील नसतो, तज्ज्ञ नसतो. रविवारच्या सकाळी मात्र भरपूर असतात. चार रविवारांची नीट मोजणी ही बोर्डापुढची तुमची सर्वांत मोठी ताकद आहे.

१. चार साधे रविवार निवडा. ईस्टर, ख्रिसमस, पहिल्या कम्युनियनचा दिवस, जुलै-ऑगस्टच्या सुट्ट्या आणि हिमवादळाचा दिवस वगळा. सणाची मोजणी वेगळ्या कागदावर ठेवा. मिसळली की चर्चचा वकील सगळीच रद्द ठरवतो.

२. त्याच रस्त्यांवर आधी एक शनिवारी सकाळची मोजणी करा, चर्चमध्ये काही नसताना. या रहिवाशांच्या गाड्या. त्या वजा केल्याशिवाय रविवारचा आकडा सांगू नका. ही पायरी सर्वांत जास्त वेळा गळते आणि उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच येतो.

३. पहिल्या सर्व्हिसच्या, म्हणजे प्रार्थनासभेच्या (कॅथलिक चर्च असेल तर मिस्साच्या) ३० मिनिटं आधीपासून शेवटच्या सर्व्हिसनंतर ३० मिनिटांपर्यंत, दर १५ मिनिटांनी मोजा. रस्ता आणि त्याची बाजू वेगळी लिहा. चर्चचा पार्किंग लॉटही मोजा, पण फुटपाथवरून. आत शिरू नका.

४. नियमभंग वेगळे टिपा: अडवलेले ड्राइव्हवे, हायड्रंटजवळच्या (अग्निशमनाच्या नळाजवळच्या) गाड्या, चौकाच्या तोंडाशी लावलेल्या गाड्या. फोटोत वेळ दिसू द्या. नंबरप्लेट आणि मुलांचे चेहरे दिसू देऊ नका.

५. मोजणारे दोघं असावेत, नावं आणि सह्या कागदावर. बोर्डापुढे त्यांच्यापैकी एकाने स्वतः यायचं आहे.

आता आकड्यांचं काय करायचं? समजा शनिवारी रस्त्यावर २० गाड्या होत्या आणि रविवारी सव्वादहाला ४६. म्हणजे २६ चर्चच्या. लॉटमध्ये ११० पैकी १०४ भरलेल्या. ८५ टक्क्यांच्या पुढे गेलेला लॉट व्यवहारात भरल्यासारखाच असतो, कारण शेवटच्या जागा शोधत फिरणाऱ्या गाड्याच रस्त्यावर परत येतात. एकूण १३० गाड्या. त्या सर्व्हिसला आत किती माणसं होती हे चर्च बहुधा मोजतंच, विचारलं तर सांगतंही. समजा २८६. गाडीमागे २.२ माणसं. प्रस्तावित आसनं ५००, जागा ३ला १ या नियमाने १६७. पूर्ण भरलं तर गाड्या २२७, म्हणजे ६० बाहेर. ८० टक्के भरलं तरी १८२, म्हणजे १५ बाहेर. दोन्ही आकडे सांगा. फक्त ६० सांगितलात तर समोरचा तज्ज्ञ '५०० कधीच भरत नाहीत' म्हणेल आणि तुमचं सगळं गणित फुगवलेलं वाटेल. १५ हा आकडा छोटा आहे, पण तो खोडता येत नाही.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. नियम ३ला १ असेल आणि चर्च तो पाळत असेल, तर '२.२ धरा' असा हट्ट बोर्डाला मान्य करता येत नाही. बर्नार्ड्समध्ये बोर्डाने असा हट्ट धरला आणि तेच अंगाशी आलं. तुमचा आकडा जास्त जागा मागण्यासाठी वापरायचा नसतो. गर्दीच्या दिवसांची व्यवस्था मागण्यासाठी वापरायचा असतो. चर्चला पार्किंगचा व्हेरिअन्स हवा असेल तेव्हा गोष्ट वेगळी, तेव्हा तो आकडा थेट लागू पडतो.

ट्रॅफिक स्टडी

जाडजूड असतो, पण चार पानं वाचली तरी पुरतात. पहिलं, मोजणी कोणत्या दिवशी केली? अमेरिकेत असे अहवाल इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअर्सच्या दरतक्त्यावर बेततात, त्यात चर्चचा क्रमांक ५६० आहे. त्यात कामाच्या दिवसाच्या गर्दीच्या तासाचे दर आहेत आणि रविवारचेही आहेत. फक्त मंगळवारी संध्याकाळचा दर लावून 'परिणाम नगण्य' म्हटलं असेल, तर तो अहवाल चर्चचा नाही, रिकाम्या इमारतीचा आहे. दुसरं, चौकांची लेव्हल ऑफ सर्व्हिस, म्हणजे खोळंब्यावरून दिलेली 'ए' ते 'एफ' श्रेणी. सिग्नलच्या चौकात सरासरी खोळंबा ३५ ते ५५ सेकंद असेल तर 'डी', ८०च्या वर 'एफ'. स्टॉप साइनच्या चौकात ५० सेकंदांनाच 'एफ'. विस्तारामुळे श्रेणी खाली येते का, ते 'बिल्ड' (विस्तार झाला तर) आणि 'नो-बिल्ड' (नाही झाला तर) या दोन तक्त्यांत शेजारी-शेजारी दिसतं.

तिसरं, दोन सर्व्हिसमधलं अंतर. नऊची सर्व्हिस सव्वादहाला सुटते आणि साडेदहाची सुरू होते. मग पहिल्या गटाच्या गाड्या निघण्याआधी दुसऱ्यांच्या येतात आणि त्या १५ मिनिटांत लॉटला दुप्पट माणसं पेलावी लागतात. रविवारच्या रस्त्यावरच्या पार्किंगचं सर्वांत मोठं कारण बहुतेक वेळा हेच असतं. अंतर १५चं ३०-४५ मिनिटं केलं की एक वीटही न रचता निम्मी तक्रार मिटू शकते. तुमच्या १५ मिनिटांच्या तक्त्यात ही टेकडी स्पष्ट दिसेल.

चौथं, विस्तारात बालवाडी किंवा डेकेअर आहे का. असेल तर रविवार विसरा. रोज सकाळी मुलं सोडायला येणाऱ्या गाड्यांची रांग हाच मुख्य विषय होतो. रांगेतल्या गाडीला साधारण २५ फूट लागतात, २० गाड्यांना ५०० फूट. नकाशावर फाटकापासून दारापर्यंतची वाट मोजा. २०० फूट असेल तर १२ गाड्या तुमच्या रस्त्यावर उभ्या राहणार.

चर्चशी बोला, बोर्डाच्या सदस्यांशी नको

आपल्याकडच्या सवयीने पहिला विचार येतो तो 'मेंबरला गाठू' असा. इथे ते उलटं पडतं. बोर्ड अशा अर्जावर न्यायाधीशासारखं बसतं. सुनावणीबाहेर सदस्याला फोन केला, किराणा दुकानात गाठून समजावलं, तर त्याला त्या अर्जावरून बाजूला व्हावं लागू शकतं. म्हणजे तुमच्या बाजूचं मत तुम्हीच घालवलंत.

चर्चला मात्र जरूर भेटा, सुनावणीच्या आधी. पास्टर किंवा फादर यांच्याकडे वेळ मागा आणि बांधकाम समितीचा माणूस सोबत असू द्या म्हणा, कारण पैशाचा आणि नकाशाचा निर्णय त्याच्या हातात असतो. तिघं-चौघं जा, पंचवीस नको. मोजणीचा एक पानी तक्ता द्या. पहिल्या भेटीत तीनच गोष्टी मागा: दोन सर्व्हिसमधलं अंतर, रविवारी लॉटमध्ये गाड्या लावून देणारे स्वयंसेवक, आणि तक्रारीसाठी एका माणसाचा फोन नंबर. या तिन्हींना जवळपास खर्च नाही. ठरलेलं त्याच संध्याकाळी ईमेलने लिहून पाठवा.

अटी: सगळा खेळ इथे आहे

बोर्डाच्या ठरावात लिहिली गेली तरच अट असते. सुनावणीत चर्चच्या वकिलाने 'आम्ही चांगले शेजारी आहोत, नक्की काळजी घेऊ' म्हटलं ते हवेत गेलं. म्हणून अटींचा मसुदा तुम्हीच करून न्या, एक पान, क्रमांक घालून.

अट कशी लिहावी? 'गर्दीच्या वेळी पार्किंगची योग्य व्यवस्था करावी' ही कुचकामी, कारण गर्दी म्हणजे किती आणि योग्य म्हणजे काय हे कोणीच ठरवलेलं नाही. 'अपेक्षित उपस्थिती ४००च्या वर असेल अशा प्रत्येक प्रसंगी सुरू होण्याआधी ३० मिनिटांपासून संपल्यावर ३० मिनिटांपर्यंत दोन्ही फाटकांवर प्रत्येकी एक पोलिस अधिकारी किंवा प्रशिक्षित माणूस, खर्च अर्जदाराचा' ही चालणारी. आकडा, वेळ, जागा, पैसे कोणाचे. चारही असले की झोनिंग अधिकाऱ्याला तपासता येतं.

मागण्यासारख्या अटी: प्रार्थनागृह आणि हॉल यांचा एकाच वेळी मोठ्या कार्यक्रमांसाठी वापर नाही. जवळच्या शाळेच्या किंवा ऑफिसच्या लॉटमध्ये रविवारी गाड्या लावायचा लेखी करार, आणि तो करार संपला तर महिन्याभरात पर्यायी जागा. नुसतं 'शाळेशी बोलणं झालंय' चालणार नाही. करार सही होऊन काउंटीत नोंदलेला हवा, कारण मुख्याध्यापक बदलला की तोंडी शब्द जातो. मागच्या हद्दीवर सदाहरित झाडांची रांग, लावतानाची उंची फुटांत, आणि दोन वर्षांत मेलेलं झाड बदलून देण्याची जबाबदारी. लॉटचे दिवे खाली तोंड केलेले आणि शेवटच्या कार्यक्रमानंतर ठरलेल्या वेळी बंद. बाहेर लाउडस्पीकर नाही. बांधकामाचे तास आणि ट्रकचा मार्ग. कामगारांच्या गाड्या चर्चच्या जागेतच. ही शेवटची अट विसरली जाते आणि पुढचे पंधरा महिने रोज सकाळी सातला आठवते.

सर्वांत मोलाची अट म्हणजे फेरतपासणी: इमारत सुरू झाल्यावर ६ आणि १२ महिन्यांनी स्वतंत्र ट्रॅफिक इंजिनिअरकडून रविवारची मोजणी, खर्च चर्चचा, आणि रस्त्यावर ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त गाड्या दिसल्या तर नवा उपाय बोर्डापुढे. झाडं, फाटक, फुटपाथ यांसारख्या एकदाच करायच्या गोष्टी 'सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी (इमारत वापरायचा परवाना) मिळण्याआधी पूर्ण' अशा लिहून घ्या. ते प्रमाणपत्र हातात पडलं की घाई संपते.

काही मागण्या मांडूच नका. आठवड्यात किती प्रार्थना, कोणत्या भाषेत, कोणते विधी, बाहेरगावचे लोक नकोत. या अटी न्यायालयात टिकत नाहीत आणि तुमच्या चांगल्या अटींनाही घेऊन बुडतात.

सुनावणीची संध्याकाळ

बहुतेक गावांत माणशी ३ मिनिटं, आधी चिठ्ठी भरून द्यायची. न्यू जर्सीत सुनावणी जवळजवळ कोर्टासारखी असते. चर्चचे इंजिनिअर, आर्किटेक्ट, ट्रॅफिक तज्ज्ञ एकेक करून शपथेवर बोलतात. प्रत्येकानंतर लोकांना फक्त प्रश्न विचारता येतात. तिथे भाषण सुरू केलंत तर अध्यक्ष थांबवतात. मत मांडायची पाळी शेवटी, तीही शपथेवर. पत्रं आणि सह्यांचे अर्ज बोर्ड सहसा पुराव्यात घेत नाही, कारण कागदाची उलटतपासणी करता येत नाही. दोनशे सह्या गोळा करायला लागणाऱ्या वेळात चार रविवार मोजून होतात.

विषय वाटून घ्या: एकाने मोजणी, एकाने शाळेच्या वेळेची रांग, एकाने पाणी आणि दिवे, एकाने अटींचा कागद. ट्रॅफिक तज्ज्ञाला विचारायचे प्रश्न छोटे ठेवा: 'मोजणी कोणत्या रविवारी केली?' 'त्या दिवशी किती सर्व्हिस होत्या?' 'हॉलची माणसं कोणत्या तक्त्यात आहेत?' नकाशे, फोटो यांच्या पुरेशा प्रती न्या, एक बोर्डाकडेच राहते.

दोन मुद्दे घरीच ठेवा. 'घराची किंमत पडेल' हे मूल्यांकन तज्ज्ञाशिवाय नुसतं मत ठरतं. 'आम्ही इथे आधीपासून आहोत' याआधी चर्चच्या कोनशिलेवरचं साल बघून या. बऱ्याच वेळा चर्च आधी असतं, तुमची सबडिव्हिजन (घरांची वसाहत) नंतर.

एका रात्रीत क्वचित संपतं. अध्यक्ष शेवटी म्हणतात, 'कॅरीड टू' अमुक तारीख (त्या तारखेपर्यंत पुढे ढकललं), नवी नोटीस नाही. खरंच नवं पाकीट येत नाही. साडेदहाला कंटाळून घरी गेलेले लोक पुढची तारीख चुकवतात आणि निकाल त्याच दिवशी लागतो.

निकालानंतर

मत दिलं त्या रात्री गोष्ट संपत नाही. न्यू जर्सीत लेखी ठराव त्यानंतर संमत होतो, साधारण ४५ दिवसांच्या आत. त्या सभेला जा किंवा निदान मसुदा मागवा. तोंडी मान्य झालेली अट कागदावर गुळगुळीत झालेली सापडते. निकालाची सूचना छापून आल्यापासून न्यायालयात जायला ४५ दिवस असतात. कॅलिफोर्नियात कंडिशनल यूजच्या परवान्याला आव्हान द्यायची मुदत ९० दिवस. पण त्याआधी शहराच्या आतलं अपील करावं लागतं आणि त्याची मुदत बरीच कमी, दिवसांत मोजायची. न्यायालयात जायचं तर जमीन-वापराचा वकील लागतो. तो पहिल्या सुनावणीआधी तासाभराच्या सल्ल्यासाठी घेतला तर जास्त उपयोगी पडतो आणि स्वस्तही.

इमारत सुरू झाल्यावर ठरावाची प्रत हाताशी ठेवा. अट मोडली की आधी चर्चने दिलेल्या नंबरवर फोन, मग झोनिंग अधिकाऱ्याला ईमेल: तारीख, वेळ, अटीचा क्रमांक, फोटो. ड्राइव्हवे अडवला असेल तर पोलिसांचा नॉन-इमर्जन्सी नंबर. ९११ नाही. हायड्रंटपासून न्यू जर्सीत १० फूट, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात १५ फूट मोकळे हवेत, हे माहीत असलं तर तक्रार नेमकी होते.

शेवटचा उपाय रहिवाशांसाठी परमिट पार्किंग. ते घटनेत बसतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनच्या प्रकरणात सांगितलंय. मागताना रविवार धरलाय का ते बघा, बऱ्याच गावांतले असे नियम सोमवार ते शुक्रवारपुरतेच असतात. आणि पाहुण्यांचे पास घरामागे किती मिळतात हे आधी विचारा. गणपतीला तुमच्याकडे वीस गाड्या येतात आणि पास दोनच असतात.